हॅलोआजींचा नियम

टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर पाळणाघर काढलं तरी लोक त्यांना हॅलोआजीच म्हणत. फोनचं त्यांना वावडं नव्हतं.

एका दुपारी नव्याने आलेल्या तान्ह्या मुलीची दुपटी सारखी करताना त्यांच्या हाताला गरम मोबाइल लागला. तिच्या कानाशेजारी अंगाई वाजत होती. संध्याकाळी वडील न्यायला आले तेव्हा आजींनी विषय काढला.

"त्याशिवाय ती झोपत नाही," ते म्हणाले. "आणि अपाय होतो याला पुरावा आहे का?"

आजींनी बालरोगतज्ज्ञ बाईंना विचारलं. "अपाय होतोच असं सिद्ध झालेलं नाही आणि मुळीच होत नाही असंही ठामपणे सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "अभ्यास चालू आहेत. पण मेंदू अजून वाढतोय, तर फोन उशापासून लांब ठेवलेला बरा. त्यात आपलं काय जातं?"

दुसऱ्या दिवशी आजींनी सगळ्या पालकांना सांगून टाकलं, पाळण्यात फोन चालणार नाही. मुलीच्या वडिलांनी तिला तडकाफडकी दुसरीकडे घातलं. पाठोपाठ आणखी दोन पाळणे रिकामे झाले.

"आई, हट्ट सोड, नाहीतर कुलूप लागेल," लेक म्हणाली.

"लागू दे. पण लेकरांवर प्रयोग मी नाही करणार."

आजींचा आवाज घोगरा, सुराशी जन्माचं वाकडं. तरी प्रत्येक पाळण्याशी बसून त्या गात राहिल्या. पोरं आधी किंचाळायची, मग टकमक बघायची आणि शेवटी झोपायची. तोंडोतोंडी गोष्ट पसरली. चौकशीला माणसं येऊ लागली.

एके दिवशी तेच वडील मुलीला कडेवर घेऊन दारात उभे राहिले. मोबाइल बिघडला होता आणि दोन दिवस घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आजी, हिला झोपवायला शिकवाल?"

"बसा. आणि गा."

ते लाजत लाजत गायले, सपशेल बेसूर. मुलीने रडणं थांबवून त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं, खुदकन हसली आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली. वडिलांचा चेहरा असा उजळला, जणू मैदान मारलं होतं.

महिनाअखेरीस आजींनी शेजारची खोली भाड्याने घेतली. पाळणे पुरेनात.