नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट

माझ्या जिभेने मला पुष्कळदा अडचणीत आणलं आहे, पण किल्लारीच्या जीपच्या वेळी त्याचं फळ दुसऱ्याच माणसाला भोगावं लागलं.

लातूरला माझं गॅरेज आहे. किल्लारी-लातूर जीप चालवणारे एक मामा माझं जुनं गिऱ्हाईक. गाडीला ते लेकरासारखं जपायचे. तेल कधी सुटं घ्यायचे नाहीत, सीलबंद डबा स्वतः फोडायचे. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर त्यांना विचारल्याशिवाय आपापल्या गाडीच्या कामाला हात घालत नसत. त्या जीपचं इंजिन मी बांधायला घेतलं, तर कॅमशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याचे, उंचवटे पार झिजलेले. जुनं मॉडेल, लातुरात कॅमशाफ्ट मिळेना. "नांदेडहून आणतो, उद्या चार वाजता गाडी स्टँडवर उभी करतो," असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगितलं. कोणी विचारलंही नव्हतं.

नांदेडच्या दुकानदाराने दोन कॅमशाफ्ट पुढे ठेवले, एक घासून दुरुस्त केलेला, एक कोरा करकरीत. मी सोबत नेलेला जुना कॅमशाफ्ट त्यांच्याशेजारी धरला, लांबी पाहिली, एकेक उंचवटा मापला आणि कोरा उचलला. निवड अगदी बरोबर होती. तेवढंच काय ते शहाणपण माझ्या हातून घडलं.

दुकानदार म्हणाला, "टॅपेट बी नवेच टाका मिस्त्री. जुने टॅपेट नवा कॅम खातेत. माझ्याकडं आज न्हाईत, परवा येतेत."

टॅपेट म्हणजे कॅमच्या उंचवट्यांवर बसून वर-खाली होणारे छोटे दट्टे. जुन्या कॅमवर घासून घासून त्यांची तोंडं झिजलेली असतात, ती नव्याशी जमत नाहीत. हे त्याने मला सांगायची गरज नव्हती. मीच हे किती तरी जणांना ऐकवलं होतं.

परतताना अहमदपूरच्या स्टँडवरून मामांना फोन लावला. ते म्हणाले, "घाई न्हाई मिस्त्री. दोन दिस जास्ती लागू द्या, पर काम पक्कं हुंदे."

म्हणजे घाई होती ती फक्त माझ्या बढाईला. मी जुनेच टॅपेट पुसले, तेल लावून बसवले, टायमिंगच्या खुणा जुळवल्या. दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला जीप स्टँडवर उभी. इंजिनाचा आवाज इतका गोड की लोकांनी वाहवा केली. मीही ती खुशाल घेतली.

महिनाभरात इंजिन टकटक करायला लागलं, चढावर धापा टाकायला लागलं. खोललं, तर नव्या कॅमचे दोन उंचवटे सपाट झालेले. मामा शेजारी उभे, मागे स्टँडवरचे तिघे-चौघे. काय झालंय ते मला बघताक्षणीच कळलं. आणि तोंडातून निघालं, "मामा, तेल कोणतं टाकलं होतं?"

ते गोंधळले. "एक डाव रस्त्यात कमी पडलं म्हणून सुटं टाकलं हुतं लिटरभर. एकच डाव."

"मग तेच भोवलं," मी म्हणालो.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मागचा एकजण हसला, "मामा, तुमी बी का?" मामांनी मान खाली घातली. "हाव, माझंच चुकलं," म्हणाले.

दुसरा कॅमशाफ्ट मी नव्या टॅपेटसकट बसवला. मजुरी घेतली नाही. तर मामा स्टँडभर सांगत सुटले, की मिस्त्री लई मोठ्या मनाचा माणूस. तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. मी मूठ झाकलेलीच ठेवली. अजूनही त्यांची जीप दिसली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता स्टँडवर त्यांना कोणी काही विचारत नाही. तेल बदलायची वेळ आली की ते सीलबंद डबा घेऊन माझ्याकडे येतात. "जरा बघा मिस्त्री, चालंल का? माझा माझ्यावर भरवसा राह्यला न्हाई."

मी डबा उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "चालेल, मामा."