तिनं दुसऱ्यांदा सांगितलं

अमेरिकेत, हर्नडनच्या एका क्लिनिकमध्ये मी मिडवाइफ होते. ती पुण्याची, बोहरी घरातली, नवरा आयटीत. दुसऱ्या खेपेला दिवस गेले म्हणून तपासायला आली. कोटावरचं माझं आडनाव वाचून तिला हायसं वाटलं.

"ताई, मराठीत बोललं तर चालेल ना?"

तपासताना जुना व्रण दिसला. तो ओळखायला आम्हाला शिकवलेलं होतं. ती कपडे सारखे करून बसल्यावर मी विचारलं, "लहानपणी इथे काही केलं होतं का?"

"खतना. आमच्यात मुलींचंही खाली थोडं कापतात. नवे सँडल घ्यायला जाऊ म्हणून आजीनं नेलं होतं." मग सहज बोलावं तशी म्हणाली, "आता लेकीची पाळी. सासूबाईंनी समरमध्ये बोलावलंय."

लेक सहा वर्षांची होती. मी पेन खाली ठेवलं.

"हे मला कळवावं लागेल. मुलांच्या संरक्षणाचं खातं आहे, त्यांना. इथला कायदाच आहे तसा. मला गप्प बसता येत नाही."

"मी आत्ता बोलले त्यावरून?"

"हो."

मला वाटलं, आता ती शब्द फिरवेल. तिनं पायातले सँडल सारखे केले. मग हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सुट्टीत आम्ही पुण्याला जाणार. तिथे सासूबाई माझ्या मुलीचा खतना करणार. माझं कुणी ऐकणार नाही. लिहा, ताई."

शेजारच्या खोलीतून मी फोन केला. मुलीच्या नावाचं स्पेलिंग सांगितलं. हातमोज्यांची ऑर्डर द्यावी तसा माझा आवाज होता. नंतरच्या बाईच्या बाळाचे ठोके ऐकले, सगळं नॉर्मल आहे म्हटलं. घरी जाऊन वरणभात केला. रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही.

काही दिवसांनी नवरा तिला घेऊन आला. "आपली मराठी बाई म्हणून हिला तुमच्याकडे पाठवलं, आणि तुम्ही आमच्या घरी चौकशीला माणसं पाठवता?"

"मुलीला धोका आहे असं वाटलं. कळवणं माझी ड्यूटी आहे."

"मी सांगितलं ना," ती त्याला म्हणाली, "यांनीच खोदून खोदून विचारलं."

मी तिच्याकडे पाहिलं. "हो, मीच विचारलं," म्हणाले.

पुढे ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. खात्याकडूनही मला काही कळलं नाही. वर्षभरानं इंडियन स्टोअरमध्ये भाजीपाशी ती भेटली. कडेवर तान्हं बाळ, थोरलीनं ट्रॉली धरलेली. नवरा बिलाच्या रांगेत होता.

"नाही गेलो आम्ही," ती भेंडीकडे बघत पुटपुटली. "तिकिटं कॅन्सल केली यांनी. घाबरले. सासूबाई बोलत नाहीत आता."

"बरं झालं," मी म्हणाले.

"मॉम, हू इज शी?" मुलीनं विचारलं.

"कुणी नाही गं. चल."

त्या गेल्या. बरं वाटायला हवं होतं. मी भेंडी निवडत राहिले, कोवळी बघून पिशवीत टाकत राहिले.