दादाचं पत्र आणि माझ्या खिशातला शिक्का

सर्व संबंधितांना याद्वारे अधिकृतपणे कळवण्यात येते की, पनवेलच्या आमच्या सिनेगॉगचा रबरी शिक्का कधीही हरवला नव्हता. तो तीन आठवडे सेक्रेटरीच्या पँटच्या खिशात सुखरूप होता, आणि सेक्रेटरी मी आहे. समाजाने या बाबीची गंभीर दखल घेऊन मला पदावरून काढावं अशी माझी फार इच्छा आहे; पण माझ्या जागी यायला कोणी तयार नाही.

आम्ही बेने इस्राएली, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. नऊच असले तर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, पेटीतून बाहेर काढत नाहीत आणि गेलेल्या माणसासाठीची कादिश म्हणता येत नाही. माझी बायको म्हणते, "आम्ही वीस बायका जमलो तरी शून्य, आणि तुमचा तो कोपऱ्यात घोरणारा म्हातारा मात्र एक." शनिवारी आमच्याकडे बरोबर दहा जमतात. दहावा माझा थोरला भाऊ. शब्बाथला वाहनात बसायचं नाही म्हणून तो विचुंब्याहून चालत येतो, आणि तो येईपर्यंत आम्ही नऊ जण दाराकडे तोंड करून बसलेले असतो. जगात कुठल्याही नवरदेवाची कोणी अशी वाट पाहिली नसेल.

एका शनिवारी प्रार्थना संपल्यावर चपला घालता घालता दादा म्हणाला, "मी तिकडे जायचं ठरवलंय. मुलींकडे. सिनेगॉगचं एक पत्र लागेल, मी इथला सभासद आहे असं."

'तिकडे' म्हणजे इस्राएल. आमच्या घरात त्या देशाचं नाव सहसा कोणी घेत नाही, सासरचं गाव असल्यासारखं नुसतं 'तिकडे' म्हणतात. दादाच्या दोन्ही मुली तिकडेच आहेत. वहिनी वारली त्याला दोन वर्षं झाली.

मला त्या क्षणी काहीतरी वाटायला हवं होतं. मी नाटकी माणूस आहे. भाजीवाल्याने मेथी नाही म्हटलं तरी मी छातीवर हात ठेवतो. पण दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ जागेवर असतो आणि आपला वाटत नाही, तसं झालं. मी विचारलं, "कुठल्या कागदावर?"

"ए-फोर. लेटरहेड. खाली सही आणि शिक्का," दादा म्हणाला. त्याने आयुष्यभर न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे कंटेनरचे कागद केले. एक कागद कमी असला तर माल बंदरात सडतो, हे त्याचं तत्त्वज्ञान. त्याला दुसरं नाही.

आता पेच बघा. दादा यहुदी आहे आणि आमच्यात प्रार्थनेला येतो, याचा दाखला द्यायचा मी. तो दिला की आम्ही नऊ. बाबांची कादिश वर्षातून एकदा हिब्रू तिथीने असते. दादा गेल्यावर ती म्हणायला मी उभा राहीन, आणि ती म्हणता येणार नाही.

पुढच्या शनिवारी तो म्हणाला, "पत्र लिहून दे." मी घोर धार्मिक चेहरा करून म्हणालो, "शब्बाथला लिहायचं नसतं."

"मग उद्या येतो."

रविवारी मी कपाट उघडलं, खण उपसले, उदबत्तीचं रिकामं पुडकंसुद्धा उलटं करून पाहिलं. "शिक्का सापडत नाही रे." बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. तिला नेहमीच कळतं. दादाने फाइलवर एक पिवळी पट्टी चिकटवली, तिच्यावर 'शिक्का – प्रलंबित' असं लिहिलं आणि चहा पिऊन गेला.

तीन आठवडे असंच चाललं. मधल्या काळात मी मजकूर लिहिला, कारण मुलींनी सांगितलं होतं की पत्रात घराण्याची थोडी माहिती असावी, आणि हे गृहस्थ का स्थलांतर करू इच्छितात तेही दोन ओळींत यावं. दोन ओळी! माझ्यासारख्याला! मी दोन पानं लिहिली. त्यात जुलमी राजा घातला, समुद्र घातला, गलबत फोडलं, आणि सात जोडपी कोकणच्या किनाऱ्याला लावली. त्यांना तेलाचे घाणे दिले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, तेही सांगितलं. मग आमच्या थोरल्या काकांना, बाबांच्या मोठ्या भावाला, साठच्या दशकात पुण्यभूमीची हाक ऐकवली आणि विमानात बसवलं. लिहिताना मला फार मजा आली. वाचून पाहिलं तर ते कोणा दुसऱ्याच घराबद्दल वाटत होतं.

चौथ्या रविवारी काकांकडे मलिदा होता. हे काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, वय पंच्याऐंशीच्या पुढे. तेच ते घोरणारे. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं तर मलिदा करीन असा त्यांनी आमचे प्रेषित एलियाहू हन्नावी यांना नवस बोलला होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं मांडलेली. आमचे दहाही जण आले होते. पोह्याला आमची माणसं सहसा चुकत नाहीत.

प्रार्थना झाली, फळं वाटली, आणि माझ्या बायकोने ताट उचलता उचलता दादाच्या पुढ्यात शिक्का ठेवला. "धुवायला टाकलेल्या पँटमध्ये होता," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. फाइलमधून मी लिहून दिलेलं पत्र काढलं आणि म्हणाला, "पॅड मी आणलंय."

"सही करण्याआधी मजकूर वाचून दाखवतो," मी म्हणालो, आणि उभा राहिलो. एवढंच हातात होतं. राजा, वादळ, गलबत, घाणा, सगळं आवाज चढवून वाचलं. थोरल्या काकांच्या पुण्यभूमीपाशी आलो तसे आमचे काका खुर्चीतून बोलले, "थांब. हाक कसली?"

"पुण्यभूमीची, काका."

"तो कुर्ल्याला भाड्याच्या खोलीत रावत होता. त्याच्या मजल्यावरची तीन घरं गेली, मंग हा पन गेला. सगली चालली म्हनून गेला. पयल्या पत्रात काय लिवलंन, ठावं हाय? आमसुलं पाठव."

सगळे हसले. मीही हसलो.

"आणि बाबा का नाही गेले?" दादाने विचारलं. त्याने असा प्रश्न कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

"त्याचे कागद झालेले. पन त्याच मैन्यात त्याची पनवेलला बदली झाली. घराजवल. दोन वर्सं अर्ज करत होता बदलीसाठी. मिलालेली बदली कोन सोडतो?"

म्हणजे आम्ही इथे आहोत ते एका बदलीच्या हुकमामुळे. पन्नास वर्षं मी लोकांना सांगत आलो की बाबांना ही माती सुटली नाही. मी वाट पाहिली की आता तरी आत काहीतरी हलेल. पंखा फिरत होता. केळ्याची साल माझ्या हातातच होती.

"मग तुझं काय लिहू?" मी दादाला विचारलं. "का जायचंय? मी 'पूर्वजांच्या भूमीची ओढ' लिहिलंय."

"ते खोड. मुली तिकडे आहेत असं लिही."

"एवढंच?"

"एवढंच आहे."

मी ती ओळ खोडली आणि त्याने सांगितलेली लिहिली. त्याने पॅड उघडून माझ्यापुढे सरकवलं. खोलीत नऊ माणसं माझ्या हाताकडे बघत होती. प्रत्येकाच्या मनात तोच आकडा होता. मी पेन कागदाला टेकवलं आणि तसंच धरून बसलो. सही माझीच, रोज करतो ती, पण पहिलं अक्षर कुठून सुरू करायचं ते सुचेना.

तेवढ्यात काका, ज्यांनी तिकडे गेलेल्या प्रत्येकाला आयुष्यभर नावं ठेवली, ते ऑपरेशन झालेला डोळा पुसत मोठ्याने म्हणाले, "आता सई करतोस का नाय? आन् झाली की माजा पन एक कागद कर."