परडीतली मिश्री

हौसाबाई जाऊन चार महिने झाले होते, आणि मी देवीशी बोलणे टाकले होते. पूजा सुटली नव्हती. सकाळी फूल वाहायचे, दिवा लावायचा, हात जोडायचे आणि उठायचे. बोलण्यासारखे काही आहे असे वाटत नव्हते. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करून मी निवृत्त झाले. लग्न केले नाही, आईवडील गेले, भाऊ त्याच्या संसारात रमला. एकतीस वर्षे रोज सकाळी माझ्या दारात येणारे माणूस म्हणजे आमच्याकडे घरकाम करणाऱ्या हौसाबाई. त्या तोंडाच्या कर्करोगाने गेल्या. कामवाल्या बाईसाठी इतके दिवस सुतक कशाला, असे एका शेजारणीने मला विचारलेही. मी उत्तर दिले नाही, कारण खरे उत्तर मला सांगवत नव्हते.

हौसाबाईंना मिश्रीची सवय होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून तिची पूड करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. त्यांच्या वस्तीत बहुतेक बायका लावत. आणि ती तंबाखू त्यांना मी आणून देत असे. मंडईत भाजी घ्यायला गेले की मेथी, कोथिंबीर, लिंबे आणि परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून हौसाबाईंची तंबाखू. त्यांची तेवढीच एक खेप वाचते, अशी माझी समजूत. त्याच काळात माझा भाऊ सिगारेट ओढत होता, तेव्हा आम्ही सगळे घर त्याच्यामागे लागलो होतो. डॉक्टर झाले, नवस झाले, आईने त्याच्याशी अबोला धरला. शेवटी त्याने सोडली, आणि आज सत्तरीत तो न थांबता पर्वती चढतो. हौसाबाईंशी मात्र कुणी अबोला धरला नाही. त्या सोडू शकतील, त्यांनी सोडावी, हे आमच्या मनातच आले नाही. हे माझे दुःख होते, आणि त्यात शरमेचा भाग मोठा होता.

पितृपक्षात त्यांची मुलगी मंगल आली. आईच्या पेटीत सापडलेली आमच्या घराची किल्ली परत करायला आली होती. मी पोहे पुढे ठेवले. एक घास घेऊन तिने डोळे मिटले.

“तिखट झालेत का गं?”

“नाही हो मावशी. डाव्या गालात झोंबतं. दोन महिने झाले. पांढरं काहीतरी आलंय आतून.”

किल्ली पुढे करताना तिच्या उजव्या हाताची तर्जनी मी पाहिली. काळपट होती, तिच्या आईच्या बोटासारखी. आजच्या आज डॉक्टरकडे जाऊ, असे मी म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, “आई घरात होती तोवर चालतबोलत होती. दवाखान्यात नेली, अन् परत आली नाही. मला नका नेऊ तिकडं.” आणि उरलेले पोहे दह्यात कालवून तिने संपवले. तिला दोन लहान मुली आहेत. त्या रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

मी येरवड्याला तिच्या वस्तीत गेले, तेव्हा तिथे एक काम आधीच सुरू झालेले दिसले. रेखा नावाची आशा कार्यकर्ती आणि वस्तीतल्या चार-पाच जणी मिळून ते करत होत्या. नवरात्रात देवीच्या मंडपात बायका जमतात, तर तिथेच नऊ दिवस मिश्री सोडायचा संकल्प करायचा. अष्टमीला दुपारी दोन ते चार दातांच्या डॉक्टरीणबाईंना मंडपात बोलवायचे, कारण ते दोन तासच धुणीभांडी करून परतलेल्या बायकांच्या हाती असतात. मला हे फार पटले. मी घरी जाऊन एक पत्रक लिहिले आणि रेखाला दाखवले. तिने ते दोनदा वाचले.

“मावशी, छान आहे. इतकं शुद्ध आहे, की कुणाला काही होणार नाही.”

मी ओशाळले. ती हसली आणि म्हणाली, “सिगारेटच्या पाकिटावर सडक्या तोंडाचं चित्र असतं, सरकार छापतं. मिश्री घरच्या तव्यावर होते. तव्यावर कोण चित्र छापणार? आपल्यालाच दारोदार जावं लागतं.”

घटस्थापनेच्या दुपारी मंडपात तीसेक बायका जमल्या. घट बसला, आरती झाली आणि रेखाने संकल्पाचा विषय काढला. सगळ्यात पुढे पारूबाई बसल्या होत्या. त्या वस्तीतल्या सर्वांत ज्येष्ठ, आणि त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी हात वर केला.

“उपासाला मिश्री चालती. चाळीस वर्षं लावतीय मी, उपास करूनशान.”

“आजी, तंबाखू कशी चालेल उपासाला?” रेखा म्हणाली.

“का न्हाई? भाजलेली हाय. भाजलं की शुद्ध झालं. भगर चालती, बटाटा चालतो, मग हिनंच काय घोडं मारलंय? आन् आपण गिळतो कुठं? थुकून टाकतो. पोटात गेलंच न्हाई तर उपास मोडल कसा?”

बायका खिदळल्या. मलाही हसू आवरले नाही. साबुदाणा खाऊन उपवास करणाऱ्या माझ्यासारखीने या तर्काला काय उत्तर द्यावे? मग पारूबाई माझ्याकडे वळल्या.

“ह्या बाई शिकलेल्या हायत. पुस्तकातच राहिल्यात जलमभर. बाई, तुम्ही सांगा. पोथीत काय लिवलंय?”

सगळी तोंडे माझ्याकडे वळली. मंगल खांबाला टेकून बसली होती, तीही बघत होती. मला एवढेच म्हणायचे होते, की नाही चालत. दोन शब्द. पण माझा सगळा जन्म लोकांना नेमका संदर्भ काढून देण्यात गेलेला. खोटा दाखला माझ्या तोंडून निघेना. “व्रतांच्या जुन्या पोथ्या मी मुद्दाम पाहिल्या,” मी म्हणाले. “त्यांत तंबाखूचा उल्लेखच नाही. तंबाखू आपल्याकडे पुष्कळ नंतर आली.”

“म्हंजी बंदी न्हाई!” पारूबाईंनी टाळी वाजवली.

मंडप हसण्याने भरून गेला. रेखाने माझ्याकडे पाहिले ते मी विसरणार नाही. तिची महिनाभराची पायपीट मी एका वाक्यात बुडवली होती. मंगलने कमरेची डबी काढली आणि निवांतपणे बोट आत घातले. मी मान खाली घातली. चार महिन्यांत पहिल्यांदा मी देवीशी मनात बोलले, आणि तेही भांडल्यासारखे. म्हटले, मला जेवढे येत होते तेवढे करून झाले, आणि ते चुकीचे निघाले. आता तू बघ.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी “उदो” ऐकू आला. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला मळवट आणि हातात देवीची परडी घेतलेली एक बाई जोगवा मागत मंडपाशी आली. पन्नाशीची असेल. तिचा डावा गाल आत ओढला गेला होता आणि कानापासून हनुवटीपर्यंत शिवणीसारखा व्रण होता. बोलताना शब्द थोडे घसरत होते, पण आवाज खणखणीत होता. तिने आधी पाणी मागितले. पाणी पिता पिता पारूबाईंचा विजयाचा जल्लोष तिच्या कानावर पडला असावा. कुणीतरी पीठ आणायला उठले, तशी ती म्हणाली, “पीठ ऱ्हाऊ द्या. ज्याच्यावरनं हसताय ते वाढा.”

कुणाला कळेना.

“मिश्री. आज तीच वाढा मला.”

पारूबाई म्हणाल्या, “अगं, आत्ताच ठरलंय, उपासाला चालती म्हणून.”

“चालत असंल. मला कुठं पोथी वाचता येती? पण देवीच्या नावानं परडी पुढं आली तर न्हाई म्हणता येत न्हाई, एवढं मला म्हाईत हाय. तुमच्यात हाय का तसं?”

तसे सगळ्यांच्यातच होते. जोगवा परत पाठवायचा नसतो, हे तिथल्या लहान मुलीलाही ठाऊक होते. पहिली डबी मागच्या रांगेतून आली. मग दुसरी, मग पुड्या. पारूबाई शेवटपर्यंत अडून बसल्या.

“डबी चांदीची हाय माझी. माहेरची.”

“डबी ठेव की. आतलं दे.”

“आन् नऊ दिसांनी लागली तर मागायला कुठं येऊ?”

“तुळजापूरला ये,” ती बाई म्हणाली. “चालत.”

एवढे हसू त्या मंडपात मी नंतरही कधी ऐकले नाही. पारूबाई स्वतःच मांडीवर थाप मारून हसल्या आणि त्यांनी डबी परडीत उपडी केली.

मंगल मात्र जागची हलली नव्हती. ती बाई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. मंगलने डबी मुठीत घट्ट धरली. त्या बाईने परडी पुढे केलीच नाही. ती खाली बसली आणि हळू म्हणाली, “तू मघापासनं एकाच गालानं हसतीस. आ कर.” काय झाले कोण जाणे, मंगलने तोंड उघडले. बाईने नुसते पाहिले. मग स्वतःच्या गालावरच्या व्रणावर बोट ठेवले. “मी दोन वर्सं कुणाला दाखवलं न्हाई. म्हणून एवढं कापावं लागलं. तुला किती दिस झालं?”

“दोन महिने.”

“मग तू माझ्यापरीस लई शहाणी हायस. आजून येळ हाय तुला. म्या दवाखान्यात गेले आन् परत आले, ही बघ बसलीय तुझ्यापुढं.”

मंगलने डबी परडीत टाकली. “उदो” म्हणत ती बाई आली तशी गेली.

अष्टमीला डॉक्टरीणबाईंनी मंगलचा गाल विजेरीने पाहिला आणि मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. मी सोबत गेले. तिथे गालातला लहानसा तुकडा तपासायला काढला आणि आठ दिवसांनी बोलावले. ते आठ दिवस मला घरात बसवेना. रेखाने तोवर त्या जोगवा मागणाऱ्या बाईचा पत्ता काढला होता. नाव अनसूयाबाई, राहायला मांजरीला. वस्तीच्या शेजारच्या गल्लीत त्यांची भाची राहते. मी बस धरून त्यांच्याकडे गेले. माझ्या मनात त्यांच्याविषयी नाही म्हटले तरी एक तेजोवलय तयार झाले होते. त्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या.

मी ओळख सांगितली, तर त्यांना नीट आठवेना. “तुमच्या गल्लीत मला यायचंच नव्हतं वो,” त्या म्हणाल्या. “भाचीचं घर चुकले. तहान लागली व्हती, मांडव दिसला.” मग एकदम आठवले. “हां! त्याच व्हय तुम्ही! अवो, परडीत सकाळपासनं मागितलेलं पीठ व्हतं. त्याच्यावरच वतली की सगळ्यांनी मिश्री. समदं पीठ गटारात टाकावं लागलं. त्या दिशी नुसत्या पाण्यावर ऱ्हायले मी.” आणि त्या मनापासून हसल्या.

आम्ही सगळ्या ज्याला देवीचा प्रसाद समजत होतो, त्यासाठी ही बाई दिवसभर उपाशी राहिली होती, आणि तिला त्याचे काही वाटलेही नव्हते. मी मंगलच्या तपासणीचे सांगितले आणि देवीला साकडे घाला, अशी विनंती केली. त्यांनी लसूण बाजूला ठेवला.

“कागदावर जे आलं आसंल ते आलं आसंल, बाई. ते आता देवीला खोडाय लावू नका. तुम्ही सोबत जावा. तिथं बाकावर एकटं बसाय लई भ्या वाटतं.”

मी दोन्ही निकालांसाठी मंगलला सांगायची वाक्ये मनात जुळवून ठेवली होती. बसमध्ये परतताना ती एकेक करून सोडून दिली.

ठरल्या दिवशी आम्ही दोघी बाकावर बसलो. मंगलचे नाव पुकारले, तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. आत तरुण डॉक्टर होते. त्यांनी कागद वाचला आणि सांगितले, की कर्करोग नाही. पण वाट तिकडेच जाणारी होती. मिश्री पुन्हा लावायची नाही, औषध घ्यायचे आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचे. मंगल म्हणाली, “एकटी नाही येणार मी डॉक्टर. पारूआजीला आणते. ती नाही म्हणेल, पण माझं ऐकेल.” बाहेर आल्यावर तिला रडू येईल असे वाटले होते. तिला भूक लागली होती. आम्ही दोघींनी समोरच्या हॉटेलात दहीभात मागवला.

या सगळ्याला चमत्कार म्हणावे का, हे मी ठरवलेले नाही. एक तहानलेली बाई गल्ली चुकली, एवढेच घडले. पण मला जे येत होते ते सगळे संपल्यावर ती आली, हेही खरे आहे. आजवर मी देवीपुढे नेहमी तयारी करून गेले. काय मागायचे, कसे मागायचे, तिने काय उत्तर द्यावे, तेही. शरण जाणे म्हणजे हात टेकणे असे मी समजत होते. आता वाटते, आपल्या हातून झाले तेवढे खाली ठेवायचे आणि मग जो कुणी येईल त्याच्यासाठी सरकून जागा करायची. हौसाबाईंचे ऋण माझ्याने फिटणार नाही, आणि ते फिटावे असे मी मागतही नाही. ज्या दुपारी मी अडले, त्या दुपारी मला सावरायला कुणीतरी पाठवले गेले, याबद्दल मी रोज मनापासून हात जोडते.

वस्तीतल्या सगळ्यांनीच मिश्री सोडलेली नाही. काहींनी दसऱ्यालाच पुन्हा तवा चढवला. त्यांच्याकडे रेखा जाते, तिच्याबरोबर मीही जाते. पत्रके नेत नाही. मागच्या आठवड्यात मंगल खरोखरच पारूबाईंना रुग्णालयात घेऊन आली. बाकावर त्या माझ्याशेजारी बसल्या, पदर तोंडाला लावून, कधी नव्हे त्या गप्प. त्यांचे नाव पुकारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“बाई, तुम्ही शिकलेल्या. काय निघंल वो आत?”

“मला माहीत नाही, पारूबाई,” मी म्हणाले. “चला, मी येते तुमच्याबरोबर.”