फ्लास्कमधली हिमनदी

त्या दिवशी मेहकरहून बुलढाण्याच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर रुंद तोंडाचा एक फ्लास्क होता आणि त्यात एकोणीस जीव होते. हिमालयातल्या हिमनदीवरून निघताना साठाच्या वर होते, घरच्या फ्रीजमध्ये आठ दिवस काढून उरले ते हे एवढे. मे महिना होता. खिडकीच्या पत्र्याला हात लावला की चटका बसत होता. शेजारच्या बाईंनी फ्लास्ककडे बघून विचारलं, "कुल्फी हाय काय वं त्याच्यात?" मी नाही म्हटलं आणि पुढे कुणी काही विचारू नये असा चेहरा केला. राग एरवीही माझ्या नाकावरच असतो. त्या दिवशी तो कपाळापर्यंत चढला होता.

मी मेहकरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. चाळिशी उलटल्यावर पीएचडीचं भूत मानगुटीवर बसलं आणि विषय निवडला स्प्रिंगटेल. हे किडे आपल्या उकिरड्यातही असतात. कुजलेला पाला उचलला की पिठासारखे बारीक काहीतरी टुणटुण उडतात, तेच. पण मला हवे होते त्यांचे बर्फातले भाऊबंद. म्हणून कर्ज न काढता, पण नवऱ्याशी भांडून आणि रीतसर परवानगी काढून मी हिमनदी गाठली. सासूबाईंना फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या मागे तो डबा दिसला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "काऊन वं बाई, आपल्या शेणखतातले किडे का मेले होते?"

त्यांना कसं सांगू! शेणखतातला पांढुरका असतो, हा कोळशासारखा काळा. उघड्या बर्फावरचं ऊन त्याला सोसावं लागतं म्हणून रंग गडद. लांबी तांदळाच्या कणीएवढी, अंगभर बारीक केस. पाणी त्या अंगाला चिकटतच नाही. सहा पाय, चार पेरांच्या दोन शृंगिका म्हणजे मिशा, पंख नाहीत, आणि जबडे डोक्याच्या आत दडवलेले. पोटाखाली दुभंगलेली शेपटी दुमडून एका आकड्यात अडकवलेली असते. आकडा सुटला की शेपटी बर्फावर आपटते आणि प्राणी हवेत. बर्फाच्या दाण्यांमधल्या फटी हे त्याचं घर. वाऱ्याने उडून आलेले परागकण आणि बर्फावरचं शेवाळ हे त्याचं जेवण. अंगात साखरेसारखं काहीतरी साठवून तो थंडीत गोठत नाही, पण आपल्या तळहाताची ऊब त्याला मारते. मी पहिला किडा असाच मारला होता, कौतुकाने हातावर घेऊन.

आणि त्याच्या पोटाच्या पहिल्या वलयावर एक आखूड नळी असते. माझं सगळं भांडण त्या नळीवरून होतं.

नळीतून दोन नाजूक, पारदर्शक पिशव्या बाहेर येतात. पाणी प्यायलाही त्याच आणि गुळगुळीत जागेवर पकड घ्यायलाही त्याच, असं मी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं. हिमनदीवर पोटावर आडवं पडून, भिंगातून, तिरप्या बर्फावरून घसरणारा एक किडा त्या पिशव्यांनी थांबलेला मी पाहिला होता. फक्त एकदा. किडा स्पिरिटमध्ये टाकला की पिशव्या आत जातात, म्हणून मेलेल्या नमुन्यात पुरावा मिळत नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "बाई, इतर जातींत दिसलंय म्हणून यातही असेल असं धरून चालणार नाही. फोटो दाखवा, नाहीतर चौथं प्रकरण काढा." चौथं काढलं तर उरलेला प्रबंध कुणाच्याही नावावर खपला असता. प्रबंधात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. शिवाय रोज रात्री मलाच वाटू लागलं होतं की मी ते खरंच पाहिलं, की थंडीने डोळ्यांत पाणी आलं होतं?

कॅमेऱ्याचा सूक्ष्मदर्शक बुलढाण्याच्या एका कॉलेजात होता. सर त्यांच्या गावाहून परस्पर तिथे येणार होते. पुन्हा हिमनदीवर जायला माझे गुडघे तयार नव्हते. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका दुपारी.

अकराला पोचले तर लाईन गेलेली. पंखे बंद, सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद. तिथले प्रयोगशाळेचे मामा, निवृत्तीला आलेले, बेडकापासून झुरळापर्यंत सगळ्यांना स्पिरिटात बसवण्यात हयात गेलेली. मी फ्लास्क टेबलाखाली ठेवला, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि मामांना बजावलं, "मामा, याला हात लावायचा नाही. उघडायचा नाही. आत जिवंत किडे आहेत."

"नाही लावत, म्याडम. जेवल्या का तुम्ही?"

"जेवणाचं राहू द्या!"

मी जनरेटरचं विचारायला ऑफिसात गेले. जनरेटर होता, पण ऑफिसपुरता. तिथून प्रयोगशाळेपर्यंत वायर ओढायची तर इलेक्ट्रिशियन हवा, तो बाजारात गेलेला. मी पाऊण तास तिथे सगळ्यांचं डोकं खाल्लं. प्रत्येक मिनिटाला फ्लास्कमधला बर्फ वितळतोय हे मला बसल्या जागी जाणवत होतं. शेवटी "बघतो" एवढं आश्वासन घेऊन धावत परत आले.

दारातच थबकले. सर स्टुलावर बसले होते, चेहरा लालबुंद, शर्टाची बटणं उघडी, डोक्यावर ओला पंचा. मामा एका हाताने फोडलेला कांदा त्यांच्या नाकाशी धरून उभे होते. सरांच्या हातात काचेचा ग्लास होता आणि ग्लासात बर्फ तरंगत होता. फ्लास्क टेबलावर रिकामा पडला होता, झाकण बाजूला.

"सर, ते पाणी पिऊ नका!" मी किंचाळले.

सरांनी ग्लास तोंडापासून दूर केला. पहिला ग्लास त्यांनी गटागटा संपवला होता, हा दुसरा होता.

"मामा, मी काय सांगितलं होतं तुम्हाला? काय सांगितलं होतं?"

मामांनी कांदा खाली ठेवला नाही. "म्याडम, सायेब स्टँडावरून पायी आले. दारात भोवळ येऊन पडले. माठातलं पाणी कोमट होऊन राह्यलं. उन्हातून आलेल्या माणसाले थंड पाणी नाही देऊ त मंग काय देऊ?" मग म्हणाले, "माणूस मोठा का किडा मोठा?"

सर पडले होते, आणि मी त्यांना कसं वाटतंय हे विचारलंसुद्धा नव्हतं. जमिनीने पोटात घ्यावं इतकी लाज मला वाटली. तरीही डोळे ग्लासावरून हलत नव्हते, हेही खरंच सांगायला हवं.

"मला आता बरं आहे," सर म्हणाले. त्यांनी ग्लास डोळ्यांसमोर धरला. "मला वाटलं चहाची पावडर आहे. किती प्यायलो असेन मी?"

"दहा-बारा," मी म्हटलं.

पाण्यावर सात काळे ठिपके तरंगत होते. एक उडाला, पाण्यावरच परत पडला, कोरडाच. सरांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी त्यात भिंग ठेवलं.

एक किडा बर्फावरून ग्लासाच्या आतल्या बाजूला चढला. वर सरकला, घसरला, पुन्हा चढला. काच म्हणजे त्याच्यासाठी उभा कडा. तो पुन्हा घसरला आणि मधेच थांबला. सरांनी श्वास रोखला तो मला ऐकू आला. ग्लास तसाच ठेवून त्यांनी भिंग माझ्या डोळ्याशी आणलं. काचेतून त्याचं पोट समोरच होतं. नळी, आणि नळीतून बाहेर आलेल्या दोन चकचकीत पिशव्या काचेला चिकटलेल्या. सहाही पाय मोकळे हलत होते, आणि किडा पडत नव्हता.

मी मोबाइल काढून भिंगाला लावला. फोटोत एक काळा डाग आला. पुन्हा काढला, पुन्हा डाग. "मामा, लाईन!" असं मी ओरडले, जणू लाईन मामांच्या खिशात होती. मामा बिचारे ऑफिसकडे पळाले. आम्ही दोघं ग्लास मधे धरून बसलो. बर्फाचा खडा लहान होत गेला, ग्लासाला बाहेरून सुटलेला घाम वाळला. काचेवरच्या किड्याचे पाय आधी सावकाश हलले, मग हलले नाहीत. पिशव्या आत गेल्या आणि तो पाण्यात पडला.

लाईन दीडला आली. पंखा गरगरला, सूक्ष्मदर्शकाचा दिवा लागला. मी सातही किडे एकेक करून काचपट्टीवर घेतले. एकही जिवंत नव्हता. पडद्यावर नळी स्वच्छ दिसत होती, मिटलेली, स्पिरिटातल्या नमुन्यासारखीच.

सरांनी माझ्या प्रबंधाची प्रत मागितली, चौथं प्रकरण उघडलं आणि समासात पेनाने लिहिलं, 'मी स्वतः पाहिले आहे.' खाली सही केली. ज्यासाठी एवढी धावपळ केली ते मिळालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण डोळे पुन्हा पुन्हा काचपट्टीकडेच जात होते.

सरांना रिक्षात बसवून मी परत आले तर मामा काचपट्टीसमोर वाकून उभे होते. हात मागे बांधलेले. हात लावायचा नाही हे त्यांनी आता पाळलं होतं.

"म्याडम," ते म्हणाले, "हे माह्यानं मेले का?"

सकाळची मी असते तर हो म्हणाले असते. मला फ्रीजमधला कोथिंबिरीमागचा डबा आठवला, एसटीची तापलेली खिडकी आठवली, आणि बर्फात सुखाने राहणारा, माझ्या तळहातावर मेलेला तो पहिला किडा आठवला.

"नाही मामा," मी म्हटलं. "माह्यानं."