फिटरकाकांना मी टायपिंग सांगितलं

फिटरकाका गिऱ्हाइकाला आधी बजेट विचारत नसत. खामगावातल्या त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न एकच, आणि तोही मोठ्यानं: "काम काय हाये?" दाराजवळच्या बाकावर चार-पाच जण कायम बसलेले. त्यांच्यासमोर उत्तर द्यावं लागे.

काका पूर्वी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कारखाना बंद पडल्यावर कॉम्प्युटर जोडायला शिकले. नाव तेच राहिलं. प्रोसेसरही ते कापसाच्या भाषेतच समजावत. एक वकील आठ कोअरच्या महागड्या प्रोसेसरवर अडून बसले होते. काका म्हणाले, "वकीलसाहेब, आठ जिन लावले अन् कापूस टाकनारा एकच, तं बाकीचे सात बसूनच राह्यतीन ना! तुमच्या अर्जाले दोन कोअर लय झाले."

"पण पुण्यात तर सगळे घेतात."

"काऊन घेतेत, ते पुन्यालेच इचारा."

बाक खदखदून हसला. वकील दोन कोअरचा घेऊन गेले.

तेव्हा मी आर्किटेक्चरचा डिप्लोमा करून घरी आले होते. पुण्याच्या एका ऑफिसनं एका इमारतीची पाच थ्रीडी चित्रं करायला दिली होती. सोमवारी दुपारपर्यंत ती पोचली तरच पुढची कामं मिळणार होती. बाबांनी कॉम्प्युटरसाठी पैसे दिले, ते एकदाच. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि बाकावरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं आणि लोक हसायचे. मी घाईनं म्हटलं, "टायपिंग."

दोन कोअरचा डेस्कटॉप घरी आला. शुक्रवारी सकाळी मी चित्रं रेंडरला लावली, म्हणजे उजेड-सावलीसकट पूर्ण चित्र कॉम्प्युटरनं तयार करायला. शनिवारी सकाळपर्यंत एकच झालं होतं. असंच चाललं तर पाचवं व्हायला बुधवार उजाडणार. बाबा दर तासाला डोकावत. "झालं का?"

"होतंय," मी म्हणत होते.

शेवटी संध्याकाळी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून काकांचं दुकान गाठलं. बाक भरलेलाच होता. मी पुटपुटले, "काका, टायपिंग नव्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकाकडे वळले. "चला रे, चहा पिऊन या."

सगळे गेल्यावर मी एका दमात सांगितलं. पुण्यात राहणारा माझा दादा वर्कस्टेशनचाच, म्हणजे अवजड कामाच्या मशीनचाच, प्रोसेसर घे म्हणतो, हेही.

"चांगलाच असते तो," काका म्हणाले. "पन त्याचा बोर्ड वेगळा, मेमरी वेगळी. दवाखान्यात स्कॅनची मशीन बारा महिने चालते, तिथं तो पायजे. तू चित्र काढतं तवा एकच कोअर राबते. रेंडरले लावलं का सगळे कामाले लागतेत. तुले डेस्कटॉपचाच सहा कोअरचा बस झाला."

"पण या डब्यात बसेल?"

त्यांनी झाकण उघडलं. "टायपिंग म्हनतानी तू जमिनीकडं पायत होती. मले वाटलं, पोरीनं पोटात काही तरी ठेवलं. म्हनून सहाचाबी बसन असा मोठाच बोर्ड लावला." दोन कोअरचा परत घेऊन, वरचे पैसे न मागता, त्यांनी सहाचा बसवला. झाकण लावताना खाली मान घालून म्हणाले, "चारचौघात इचारलं, माहंच चुकलं बेटा."

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास पाचवं चित्र पूर्ण झालं, तोवर लाइट जाईल या धास्तीनं मी दिवा आणि घड्याळ, दोन्हींकडे बघत होते. दुपारी ऑफिसचा फोन आला: पुढचं काम पाठवतोय.

संध्याकाळी काकांना सांगायला गेले. दुकान गच्च भरलेलं. त्यांनी लांबूनच भुवया उंचावल्या. मी हातानंच 'नंतर' अशी खूण केली आणि पायरीवरूनच परतले. दुकान रिकामं असेल तेव्हा नीट सांगू, असं ठरवलं. ते कधी रिकामं दिसलंच नाही. मग मी पुण्याला गेले.

तिसऱ्या वर्षी बाबांचा फोन आला, फिटरकाका गेले. मग बाबा म्हणाले, "भेटले की विचारायचे, पोरीची चित्रं येळेवर पोचली होती का म्हणून. मी म्हणायचो, आली की सांगेल तीच."