काकूंनी झाकलेला डबा

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न आहे, म्हणून इथं लिहून राहिलो.

विद्यापीठात माझं संशोधन गोंदियाच्या हवेवर आहे. राइस मिलच्या मागच्या वस्तीत एका काकूंच्या गच्चीवर मी उघड्या तोंडाचा डबा ठेवला होता, तळाशी थोडं पाणी घालून. हवेतून पडणारी राख महिनाभर त्यात साचते आणि मग आम्ही ती मोजतो.

आज डबा आणायला गेलो, तर त्यावर स्टीलची थाळी आणि थाळीवर वीट! आतलं पाणी एकदम नितळ.

"काकू, हे कोणी झाकलं?"

"मीनंच. पाण्याचं भांडं उघडं ठेवतेत का बाप्पा? दिवसभर मिलची राख पडून राहते. थाळी रोज काळी होते, रोज पुसा लागते. तुमचं पाणी खराब झालं असतं ना!"

बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. तोंडाला पदर लावून त्या तिथंच खाली बसल्या. मी काय रागावणार?

मिलचा हंगाम आटोपतच आला, म्हणजे आता पुन्हा डबा ठेवून उपयोग नाही. सरांना फोन केला. ते म्हणाले, "त्या वस्तीचा रकाना कोरा सोड." उद्या अहवाल वाचणाऱ्याला वाटेल, तिथं काही पडतच नाही.

त्या गच्चीवर महिनाभर राखेपासून एकच गोष्ट वाचली, माझा डबा.

आता तुम्हीच सांगा, काकूंवर काय झाकू?